बोलून मोकळं व्हायचं की लिहून?

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की झोपायच्या आधी पाच-दहा मिनिटं दिवसाबद्दल काहीतरी लिहून काढा, नाहीतर फोनवर बोलून रेकॉर्ड करा. त्यावर एवढे मेल येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा प्रश्न एकच, की या दोन्हीतलं नेमकं कुठलं करायचं. प्रत्येकाची अडचण वेगळी आहे म्हणून काही पत्रं निवडून उत्तरं देतेय, जागेपुरती पत्रं थोडी कापलीयेत.

प्रश्न: ताई, मी 34 वर्षांची, हिंजवडीत आयटीत आहे. दर जानेवारीत नवी डायरी सुरू करते, बँकेने दिलेली नाहीतर हौसेने घेतलेली, आणि संक्रांतीच्या आत ती बंद पडते. मैत्रीण म्हणते अगं लिहीत कशाला बसतेस, घरी येताना कारमधे रेकॉर्डर लाव आणि बोल. करून बघितलं, बरं वाटलं. पण हे खरं जर्नलिंग आहे का, की मी आपली आळशीपणाला पळवाट शोधतेय? (एक वाचक, वाकड)

उत्तर: आळशीपणा अजिबात नाही गं. यावर चक्क अभ्यास झालेला आहे. लिहिण्याचं संशोधन जास्त जुनं, 1986 मधे जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल लिहायला लावलं. काय घडलं आणि काय वाटलं, हे दोन्ही ज्यांनी लिहिलं त्यांना लिहून झाल्या झाल्या उलट वाईट वाटत होतं, हे लक्षात ठेव, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मग 2006 मधे सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तुझाच प्रश्न घेतला म्हण ना, काही जणांना वाईट अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं, काहींना टेपरेकॉर्डरसमोर एकट्याने बोलायला आणि काहींना नुसता मनात विचार करायला. लिहिणारे आणि बोलणारे दोघंही नुसता विचार करणाऱ्यांपेक्षा बरे निघाले. म्हणजे मनातल्या मनात घोळवत बसण्यापेक्षा काहीही करा, तोंडाने नाहीतर हाताने, ते बाहेर काढा.

आता फरक कुठे पडतो तर वेगात. आपण बोलतो मिनिटाला साधारण सव्वाशे-दीडशे शब्द आणि हाताने लिहितो वीस-पंचवीस. वाकड चौकातल्या सिग्नलला तू जे पाच मिनिटांत बोलून टाकशील ते वहीत लिहायला अर्धा तास जाईल, आणि हा हळूपणा हाच लिहिण्याचा फायदा आहे असं माझं मत आहे. समज तू बोललीस की "आज मॅनेजरने मुद्दाम मला मीटिंगमधे बोलू दिलं नाही", तर तोंड पुढे गेलंसुद्धा, पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं, मागच्या वर्षीच्या अप्रेझलपर्यंत पोचलीस तू. तेच लिहिताना "मुद्दाम" पाशी पेन जरा अडतं. खरंच मुद्दाम? की वेळ संपली होती आणि नंतरच्या दोघांचंही राहिलंच होतं? बोलताना हा प्रश्न पडायला सवडच मिळत नाही.

पण लिहिण्यात एक भानगड आहे ज्याबद्दल कुणी बोलत नाही. वही समोर आली की आपल्यातली शाळेतली निबंधवाली मुलगी जागी होते. "आज मन फार उदास होते", असं बोलतं का कुणी घरात? स्वतःपुरती लिहिलेली डायरीसुद्धा कुणीतरी वाचणार आहे अशा थाटात लिहिली जाते, अक्षर नीट, वाक्यं पूर्ण, चार शब्द छान छान, आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. रेकॉर्डरसमोर हे सोंग फार वेळ टिकत नाही कारण आवाज चुगली करतो. एखाद्या नावापाशी आवाज बदलला, मधेच दहा सेकंद शांतता गेली, "जाऊ दे" असं तीनदा आलं, हे वहीत कुठे दिसणार?

तर तुला सांगायचं ते असं. बोल, नक्की बोल, कारण तू दहा वर्षं लिहायचा प्रयत्न करतेयस आणि होत नाहीये, जे होतच नाही ते कितीही थोर असलं तरी काय उपयोग. गाडी चालवताना मात्र फोन हातात नको, आणि ज्या दिवशी डोकं फिरलंय त्या दिवशी चालवताना नकोच, पार्किंगमधे पोचल्यावर बोल, घरी पाच मिनिटं उशिरा गेलीस तर काही बिघडत नाही. बोलून झालं की गाडीतून उतरायच्या आत फोनमधे एकच ओळ टाईप करायची, आज बोलता बोलता काय लक्षात आलं ती. हे मी आग्रहाने सांगतेय कारण रेकॉर्डिंग परत कोणीही ऐकत नाही. वहीचं पान एका मिनिटात नजरेखालून जातं, दहा मिनिटांचं बोलणं ऐकायला दहा मिनिटंच लागतात आणि त्यात हवं ते सापडत नाही. ती एक ओळ फाईलचं नाव म्हणून टाक, तारखेसकट. "रेकॉर्डिंग 47" असल्या नावाच्या दोनशे फाईली म्हणजे माळ्यावरचा ट्रंक, आहे सगळं पण उघडणार कोण. जागेची काळजी करू नकोस, रोजची पाच मिनिटं साध्या क्वालिटीत रेकॉर्ड केली तर अख्खं वर्ष एक जीबीच्या आत बसतं.

आणि डायरीचा नाद सोडवत नसेल तर तारखा छापलेली घेऊ नकोस बाई. ती कोरी पानं रोज आपला हिशोब मागतात. साधी दोनशे पानी वही घे, लिहिशील त्या दिवसाची तारीख टाक, मधले पंधरा दिवस गेले तरी वहीला कळत नाही.

प्रश्न: ताई, वयाने तुम्ही माझ्यापेक्षा लहान असाल तरी ताईच म्हणतो. मी निवृत्त शिक्षक, वय 73. मागच्या वर्षी पत्नी गेली. पूर्वी रोजनिशी लिहायचो, आता हात थरथरतो, डोळ्यांनाही त्रास होतो. नातवाने मोबाईलवर रेकॉर्डिंग शिकवलं. पण स्वतःचाच आवाज ऐकून कसंतरी होतं, आणि शेजारी म्हणतील मास्तर एकटेच बडबडायला लागले. (एक वाचक, सातारा)

उत्तर: सर, नमस्कार. आधी आवाजाचं सांगते, कारण ही तक्रार तरुणांचीही असते. आपण बोलतो तेव्हा आपल्याला आपला आवाज दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून कानात आणि कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानात. हाडांतून येणारा आवाज जाडसर असतो, तो मिसळल्यामुळे आपल्याला आपला आवाज भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमधे हाडांचा भाग गळून जातो आणि उरतो तो बाकीच्या जगाला कायम ऐकू येत आलेला आवाज. तुमच्या विद्यार्थ्यांनी इतकी वर्षं तोच ऐकलाय सर, आणि त्यांनी काही कुरकुर केलेली नसणार. शिवाय परत ऐकायची सक्ती नाहीये. बोलायचं आणि ठेवून द्यायचं.

बडबडीचं म्हणाल तर एकट्याने बोलून मन हलकं करणं आपल्याकडे काही आज आलेलं नाही. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीजणींना लिहिता येत होतं? पण पहाटे जात्यावर बसल्या की सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, नवऱ्याचा जाच, विठोबावरचा रुसवा, सगळं ओवीत यायचं, ऐकायला कधी समोर बसलेली दुसरी बाई, कधी नुसतं जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघा अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या पुष्कळ आज त्या बायकांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. एक लाख! आणि लिहिणाऱ्यांच्या हिशोबात या बायका "निरक्षर". त्यामुळे शेजाऱ्यांचं सोडा. अगदीच संकोच वाटला तर फोन कानाला लावून बोला, लोकांना वाटेल मुलाचा फोन आहे.

एक युक्ती सांगते, तुम्हाला मास्तर म्हणून जमेलही चांगली. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांच्या गटाने 2014 मधे दाखवलं की तणावाच्या वेळी माणूस स्वतःशी "मी, मी" असं न बोलता स्वतःच्या नावाने, समोरच्याशी बोलावं तसं बोलला, तर त्याला परिस्थिती जरा लांबून बघता येते आणि भावना आवरायला मदत होते. तेव्हा सुरुवात अशी करून बघा, "काय मास्तर, आज जेवण धड झालं का? दुपार कशी गेली?" आणि मग उत्तर द्या. पहिल्या दिवशी हसू येईल, येऊ द्या.

आणि सर, तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत पण मला वाटतं तुम्हाला खरं तर बाईंशी बोलायचंय. बोला की. आज बाजारात काय भाव होता, नातू काय म्हणाला, कुठली बरणी सापडत नाहीये. यात वेड्यासारखं काही नाही. फक्त झोप पार उडाली, जेवण जाईना, कशातच राम वाटेना असं आठवडेच्या आठवडे चाललं तर रेकॉर्डरवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा, किंवा 14416 वर फोन लावा, सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा आहे ती, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येतं.

अजून एक, नातवाला आत्ताच सांगून ठेवा की हे पुढे कोणी ऐकायचं आणि कोणी नाही. तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच ठरवा, घरच्यांवर सोडू नका.

प्रश्न: ताई, डोंबिवलीत वन बीएचके, आम्ही पाचजण. माझी वही घरात एकीने वाचली आणि त्यावरून जे रामायण झालं ते सांगत नाही. तेव्हापासून लिहिणं बंद. बोलायला तर कोपराही नाही, बाथरूममधे बोलले तरी बाहेर ऐकू जातं. मग माझ्यासारखीने काय करायचं? (नाव-गाव छापू नका म्हटलंय, गावाचं तेवढं राहू देते, डोंबिवलीत वन बीएचके काय कमी आहेत.)

उत्तर: तुझ्यासाठी उत्तर सरळ आहे, लिहायचं, पण ठेवायचं नाही. लोकांना वाटतं डायरी म्हणजे साठवण. तसं असायलाच हवं असं काही नाही. लिहिण्याचा बराचसा फायदा लिहिताना होतो, पान जपण्यात नाही, पेनेबेकरसुद्धा सांगतो की हे फक्त तुमच्यासाठी लिहा आणि हवं तर लिहून झाल्यावर नष्ट करा. पाठकोऱ्या कागदावर लिही, मुलांच्या वह्यांत ढीगभर असतात, दहा मिनिटं लिही, फाड, बारीक तुकडे कर आणि स्टेशनला जाताना टाकून दे. घरातल्या कचऱ्यात नको, ज्यांनी वही शोधली ते तुकडेही जुळवतील.

फोनवर लिहायचं तर नोट्सच्या ॲपला वेगळं लॉक लागतं का ते बघ, आणि तुझ्या फोनचं अकाऊंट घरातल्या दुसऱ्या कुठल्या टॅबलेटवर किंवा कॉम्प्युटरवर चालू नाही ना हे त्याआधी बघ, कारण नोट्स आणि रेकॉर्डिंग दोन्ही गुपचूप तिकडेही जाऊन बसतात. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय असते तिथे बऱ्याचजणी लिहितात, पण तुझं व्हॉट्सॲप घरातल्या लॅपटॉपला जोडलेलं असेल तर तो पर्याय बाद.

बोलायचंच असेल तर घराबाहेर. संध्याकाळची भाजी आणायची फेरी, नाहीतर बिल्डिंगची गच्ची, कानात इअरफोन घालून बोलणाऱ्या बाईकडे हल्ली कोणी वळूनही बघत नाही.

आणि मोडी शिक! थट्टा नाही करत. मोडीचे वर्ग आजही ठिकठिकाणी भरतात आणि अक्षरं शिकायला फार अवघड नाहीत. पणजोबांचे जमिनीचे कागद वाचता येतील हा वरचा फायदा, आणि तुझी वही टेबलावर उघडी टाकलीस तरी घरात कुणाला ओ की ठो कळणार नाही.

प्रश्न: मी जर्मनीत, श्टुटगार्टला मास्टर्स करतोय. दिवसभर इंग्रजी-जर्मन. डायरी लिहायला घेतली की हात इंग्रजीत लिहितो, पण राग आला की डोक्यात मराठीच येतं. कुठल्या भाषेत लिहू?

उत्तर: ज्या भाषेत राग येतो त्या भाषेत. तुझ्या बाबतीत मी म्हणेन आधी बोल, कारण बोलताना भाषा निवडावी लागत नाही, आपोआप "अरे यार, प्रोफेसरने डेडलाईन परत ढकलली आणि मला काही सुचतच नाहीये" असंच येतं, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. मग लिहावंसं वाटलं तर तसंच लिही, शुद्धलेखन तपासायला कोणी येणार नाहीये. मराठी टायपिंगचा कंटाळा असेल तर गूगलचं व्हॉइस टायपिंग 2017 पासून मराठीत आहे, त्यात बोललेलं थेट अक्षरात उमटतं. स्वल्पविराम, पूर्णविराम सगळे गायब असतात आणि नावांचे विनोद होतात, पण शोधता येणारा मजकूर मिळतो, जे नुसत्या रेकॉर्डिंगमधे मिळत नाही. फक्त त्यात समोर अक्षरं उमटताना दिसतात आणि आपण बोलता बोलता चुका दुरुस्त करायला लागतो, तेव्हा स्क्रीनकडे न बघता बोल.

प्रश्न: ताई, ब्रेकअप झाल्यापासून रोज रात्री रेकॉर्ड करतेय, तीन महिने झाले. काल सहज जुनं ऐकलं तर पहिल्या आठवड्यात जे बोलत होते तेच काल बोलले, शब्दसुद्धा तेच. आणि बोलून झाल्यावर जास्त रडू येतं. माझं काही चुकतंय का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: चुकत काही नाही, पण हे आता थांबव. तू जे करतेयस त्यात आठवण काढणं आहे, विचार करणं उरलेलं नाही. बोलण्यातला हा मोठा धोका, तोंडाला वळण पडतं. तीच गोष्ट रोज सांगून सांगून पाठ होते आणि पाठ झालेली गोष्ट जास्त खरी वाटायला लागते, त्यात नवा प्रश्न घुसायला फटच राहत नाही.

पेनेबेकरच्या गटाने नंतर लोकांनी लिहिलेले कागद शब्दाशब्दाने तपासले. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत "कारण", "म्हणून", "आत्ता कळतंय" अशा अर्थाचे शब्द वाढत गेलेले दिसले. म्हणजे गोष्ट दिवसागणिक बदलत होती. दुसऱ्या एका तपासणीत असंही दिसलं की "मी, माझं" यांचं प्रमाण ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक बदलत होतं, म्हणजे कधी स्वतःकडून कधी दुसऱ्याकडून बघणं चाललं होतं, त्यांची तब्येत जास्त सुधारली. तुझ्या रेकॉर्डिंगमधे हे शब्द शोधत बसू नकोस आता, ऐकू तर मुळीच नकोस.

आठवडाभर काही रेकॉर्ड करू नकोस. मग वही घे, चारच दिवस, घड्याळ लावून 15 मिनिटं, आणि रोज वेगळ्या बाजूने लिही. एक दिवस घडलं तसं. एक दिवस त्याच्या बाजूने, हो त्याच्याच, कितीही जिवावर आलं तरी. एक दिवस तुझ्या सगळ्यात फटकळ मैत्रिणीने ही गोष्ट सांगितली असती तर कशी सांगितली असती तसं. शेवटच्या दिवशी, या नात्याच्या आधी तू काय करायचीस जे बंद पडलं. मग वही बंद. त्याउप्पर रडू थांबत नसेल तर समुपदेशकाकडे जा, तिथे निदान मधे थांबवून प्रश्न विचारणारं कुणी असतं, रेकॉर्डर बिचारा कधीच विचारत नाही.

प्रश्न: माझं लग्न ठरलंय, डिसेंबरमधे आहे. सध्या इतकं छान चाललंय की सगळं टिपून ठेवावंसं वाटतंय. लिहू की बोलू? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: अभिनंदन! तुझ्यासाठी उत्तर उलटं आहे. वर ज्या 2006 च्या अभ्यासाबद्दल सांगितलं त्यात आनंदाच्या प्रसंगाबद्दलही हेच करून बघितलं होतं, आणि तिथे निकाल फिरला, लिहून आणि बोलून त्या आनंदाची चिरफाड करणाऱ्यांपेक्षा नुसतं मनात परत परत आठवणारे जास्त खूश निघाले. दुःखाला कारणं शोधली की ते जरा आटोक्यात येतं, आनंदाचंही तेच होतं, म्हणून त्याची कारणं शोधायला जाऊ नकोस. फोटो काढ, त्याचे व्हॉइस मेसेज ठेवून दे, आजी काय म्हणाली ते तिच्याच आवाजात रेकॉर्ड कर, पण रात्री बसून "मला इतकं छान का वाटतंय" यावर पानं भरू नकोस.

हॉल, केटरर, डेकोरेशनवाले यांच्याशी जे बोलणं होईल ते मात्र सगळं लिहून घे, आकड्यासकट, आणि त्यांची सही घे.